बदलीच्या अर्जातले अलंकार

निजामाच्या राज्यात मी केदारखेड्याला शाळामास्तर होतो आणि आई जालन्यात एकटी राहत होती. तिची नजर अधू होत चालली होती. मी दारात उभा राहिलो तरी आवाज ऐकल्याशिवाय ती मला ओळखत नसे. मला जालन्याला बदली हवी होती. एवढं एकच मागणं होतं, आणि तेही मी स्वतःच्या शहाणपणाने जवळजवळ मातीत घातलं.

शहाणपण म्हणजे अलंकारांचं. अलंकार शिकवण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही असं माझं मत होतं. दुसऱ्या कुणाचं तसं मत असल्याचं आठवत नाही. डोळे कमळासारखे म्हटलं की उपमा, मी पोरांना सांगे, कारण 'सारखे' म्हणून थोडी तरी लाज राखलेली असते. डोळे म्हणजे कमळच, म्हटलं की रूपक. तिथे लाजही सोडली. स्तुतीच्या आडून निंदा ती व्याजस्तुती. ती आपल्या बायका लग्नात विहिणीची करतात. आणि आहे त्याच्या दसपट फुगवून सांगितलं की अतिशयोक्ती. तिचं उदाहरण पुस्तकात शोधायला नको, नवऱ्या मुलाच्या बापाला मुलाबद्दल विचारावं.

अर्ज उर्दूत लागायचा. जालन्याच्या कचेरीबाहेर लिंबाखाली एक म्हातारा अर्जनवीस बसे, त्याच्याकडे गेलो. आईला कमी दिसतं, असं खरं ते सांगितलं. त्याने लेखणी खाली ठेवली.

"मास्तर, साहेब लोक अर्ज निम्मा करून वाचतेत. आई मरून राह्यली लिवलं तर बीमार समजतेत. बीमार लिवलं तर काहीच समजत न्हाईत."

हे मला बिलकुल पटलं. गावोगावचे लोक तसेच अर्ज करत. एक बैल लंगडला तर गोठाच्या गोठा मेला लिहीत, आणि एका बैलापुरतं काहीतरी पदरात पडे. कुणी त्याला खोटं म्हणत नसे. अर्जनवीस म्हणाला, आमच्यात ह्याला मुबालगा म्हणतात. म्हणजे आपली अतिशयोक्ती! उपमेला त्यांच्यात तश्बीह आणि रूपकाला इस्तिआरा म्हणतात हेही त्याने सांगितलं, आणि मी हरखून गेलो. एका धंद्यातले दोघे भेटले की गिऱ्हाइकाचं काय होतं ते सांगायला नको. इथे गिऱ्हाईकही मीच होतो.

तो बिचारा दोन ओळींत आटपणार होता. मीच त्याला सोडेना. आई म्हणजे तेल संपलेली पणती, हे माझं. तिचा शेवटचा श्वास तेवढा मुलाच्या वाटेकडे डोळे लावून थांबला आहे, हेही माझंच. श्वासाला डोळे दिले, म्हणजे निर्जीवाला माणूस केलं, म्हणून ही चेतनागुणोक्ती, असं मी त्याला समजावलं. त्याने मान डोलावली आणि सारं बराबर उर्दूत उतरवलं.

चार महिन्यांनी जवाब आला. मधल्या काळात कचेरीत नवे साहेब आले होते, आणि त्यांना अर्ज निम्मा करून वाचायची इकडची रीत कुणी सांगितली नव्हती. त्यांनी लिहिलं होतं की एक श्वास चार महिने पुरत नाही, सबब अर्जदाराची आई आता हयात नसणार. खात्याला दुःख आहे. बदलीचं कारणच उरलं नसल्याने अर्ज नामंजूर.

घरी जाऊन आईला वाचून दाखवलं. ती चाचपत डाळ निवडत होती. म्हणाली, दहाव्याला काय काय करणार ते तरी सांग. मला हसू आलं नाही. आता तिला सोडून पुन्हा केदारखेड्याला जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हाताला धरून कचेरी गाठली. साहेबांपुढे मी घोटून तयार केलेलं भाषण सुरू केलं, त्यात दोन उपमा होत्या. साहेबांनी हात वर करून मला थांबवलं आणि आईलाच विचारलं, माई, तुला काय तकलीफ आहे?

"दिसत न्हाई साहेब. चुलीवर तवा कुठं हाय ते हात लावून बघावं लागतं," आई म्हणाली आणि पदराखालचा उजवा हात तिने पुढे केला.

बोटांवर भाजल्याचे डाग होते, काही काळे पडलेले, आणि तळव्याशी एक ताजा फोड.

"ह्याला म्हायती न्हाई. हा आल्यावर मी झाकून घेते. न्हाई तर तिकडं ह्याचा जीव लागायचा न्हाई."

जसं आहे तसं सांगणं, यालाही शास्त्रात स्वभावोक्ती नावाचा अलंकार आहे. परीक्षेत येत नाही म्हणून मी तो पोरांना कधी शिकवला नव्हता. साहेबांनी माझा जुना अर्ज मागवून त्यावरच मंजुरीची सही केली.

मी मात्र तिच्या हाताकडेच पाहत राहिलो. त्या सकाळी निघताना मी तिच्या दोन भाकरी खाल्ल्या होत्या, आणि ओसरीवर बसूनच आत आवाज देऊन तिसरी मागितली होती.