मागून येतोय

योकोहामातल्या ज्या छोट्या अमेरिकन कॉलेजात मी गणित शिकवायचे, तिथे सैन्य सोडून शिकायला आलेल्यांसाठी एक खोली होती. ती सांभाळणारे गृहस्थ स्वतः जुने नौसैनिक. पूर्वी ते रामेनच्या, म्हणजे जपानी नूडल-सूपच्या, दुकानात पार्टटाइम काम करत. गरम वाडगे नेताना तिथे ‘उशिरो!’ म्हणजे ‘मागून येतोय!’ असं ओरडायची पद्धत. खोलीतही कुणाच्या पाठीमागून जाताना ते हळूच ‘उशिरो’ म्हणायचे. मला हसू यायचं. मग एकदा कपाटाचं दार आपटलं आणि युद्धावरून परतलेला माझा सहा फुटी विद्यार्थी टेबलाखाली गेला.

पुढे अनुदान बंद झालं. खोलीतला सोफा न्यायला माणसं आली, तेव्हा हे गृहस्थच त्यांच्यापुढे चालत होते, कॉरिडॉरमध्ये वाचत बसलेल्या प्रत्येकाला ‘उशिरो, उशिरो’ सांगत. तो आवाज अजून कानात आहे.

साताऱ्याला माझे वडील, अण्णा, निवृत्त सुभेदार, अंगणात पाठमोरे बसतात. लहानपणी मागून गळ्यात पडलं की खेकसायचे. आई म्हणायची, तापट आहेत. या दिवाळीत मी फाटकातूनच म्हटलं, “अण्णा, मागून येतेय हं.”

“ये,” ते म्हणाले. मानसुद्धा वळवली नाही.