तुमचीपण गेली का?

संध्याकाळी टीव्हीवर कोट घातलेले एक तज्ज्ञ येऊ घातलेल्या वीज कायद्याचं कौतुक करत होते. एकाच तारेतून चार कंपन्या वीज विकतील, ग्राहक राजा होईल, असं म्हणताहेत तोच लाइट गेली. सवयीने मी गॅलरीत आलो. शेजारच्या काकू तिथे होत्याच.

"तुमचीपण गेली का?"

"गेली."

"मग ठीक आहे," म्हणत त्या निवांत झाल्या.

समोर एकच कललेला खांब, एकच लोंबती तार, तिला टेकलेली गुलमोहराची फांदी. त्या फांदीला कसली डोंबलाची स्पर्धा कळणार? बाजार म्हणे! नुसत्या पाट्या रंगवायचे धंदे.

काकूंना मी कायदा समजावला.

"म्हणजे अंधार तोच," त्या म्हणाल्या, "फक्त शिव्या चौघांत वाटायच्या!"