समोरच्या गॅलरीतला दिवा

कांदिवलीतली आमची जुनी इमारत पाडली, तिथे आता मोठा खड्डा आहे. पत्र्याच्या कुंपणाच्या फटीतून डोकावलं की तळाशी हिरवट पाणी दिसतं आणि त्यात आभाळ. अर्धवट झोपेत मला कधी कधी वाटतं की इमारत पाडलेलीच नाही, ती त्या पाण्यात उलटी होऊन बसली आहे आणि आत सगळ्यांचे पंखे चालू आहेत. हे मी एकदा बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "पंप लावून पाणी उपसायला हवं त्यांनी. डास होतील." बाबा सोसायटीच्या कमिटीवर होते, त्यामुळे माझ्या स्वप्नांचं असं होतं.

इमारतीला समोरासमोर दोन विंग होत्या. एका विंगमध्ये आम्ही, आणि बरोबर समोरच्या गॅलरीत बाबांचे दोस्त. मी त्यांना समोरचे काका म्हणते. दिवेलागणीला काका गॅलरीतला पिवळा बल्ब लावायचे आणि मग दोनदा बंद-चालू करायचे. याचा अर्थ, खाली ये. बाबा आमची ट्यूब तशीच दोनदा बंद-चालू करून उत्तर द्यायचे आणि पायात चपला सरकवून निघायचे. फोन आले, मोबाइल आले, तरी ही पद्धत सुटली नाही. खाली गेटापाशी बाकड्यावर बसून दोघे काय बोलायचे देव जाणे. आई होती तेव्हा म्हणायची, "एवढं माझ्याशी बोलले असते तर संसार सोन्याचा झाला असता."

रिडेव्हलपमेंट आलं आणि सगळं बिनसलं. बाबांना नवी इमारत हवी होती, काकांना जुनीच बरी वाटत होती. काका सही करेनात. भर मीटिंगमध्ये बाबा म्हणाले, "तुझ्या एकट्यापायी सगळ्यांची वाट लागेल." काका उठून उभे राहिले. "बिल्डरच्या गाडीत बसान फिरतंस, आणि आमका शिकवतंस?" रागाने मालवणीत ते एवढंच बोलले आणि घरी गेले. पुढे त्यांनी सही केली, पण त्या संध्याकाळपासून पिवळा बल्ब लागला नाही. आमची ट्यूबही नाही. इतक्या वर्षांची दोस्ती, आणि दोघे सामान ट्रकमध्ये चढवताना एकमेकांकडे पाठ करून उभे होते. मला दोघांना धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं.

काका मुलाकडे मुलुंडला गेले. आम्ही बोरिवलीत भाड्याच्या घरात आलो. इथल्या खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे, तिच्यावर एक पाइप आणि कबुतरं. बाबा संध्याकाळी त्या भिंतीकडे बघत बसू लागले. खाली जाणं बंद, जेवण अर्धं. विचारलं तर म्हणायचे, "मला काय धाड भरलीय?" मला त्यांची काळजी वाटायची आणि तितकाच रागही यायचा. फोन करा म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "आधी त्याने करावा."

मी अंधेरीच्या एका ऑफिसात वेब पेजेस बनवते. नव्या मुलांना जावास्क्रिप्टचा पहिला धडा मीच देते. पडद्यावर एक राखाडी चौकोन काढायचा आणि ब्राउझरला सांगून ठेवायचं, याच्याकडे कान लावून बस, कोणी क्लिक केलं की याचे कपडे बदल. चौकोन तोच राहतो, राखाडी उतरतो आणि पिवळा चढतो. परत क्लिक केलं की पुन्हा राखाडी. साधी गोष्ट आहे, पण मला दर वेळी ते बघताना कोणीतरी बटण दाबून घरात उजेड केल्यासारखं वाटतं. अशाच एका दुपारी, धडा देता देता, माझ्या डोक्यात आमची इमारत उभी राहिली.

रविवारी मी ती बनवली. दोन विंग, प्रत्येक घराला एक चौकोन, मागे संध्याकाळचं निळं-जांभळं आभाळ. चौकोनाला बोट लावलं की त्या घरात दिवा लागायचा. बाबांच्या फोनवर उघडून दिलं. त्यांनी चष्मा लावून आधी मजले मोजले. मग आमच्या चौकोनाला बोट लावलं आणि नाक मुरडलं. "आपली ट्यूब अशी नव्हती लागत. आधी डोळे मिचकवायची."

मी ट्यूब मिचकवायला लावली. मग ते एकेक सांगत गेले. वरच्या मजल्यावर निळा झीरोचा बल्ब, कोपऱ्यातल्या घरी देवघराचा लाल. मी रंग भरत गेले आणि दुपार कधी सरली कळलं नाही. आई स्वयंपाकघरात आहे आणि आत्ता चहाला हाक मारेल, असं मला मध्येच खरोखर वाटलं.

तेव्हापासून बाबा दिवेलागणीला फोन घेऊन बसू लागले. आमची ट्यूब लावायचे आणि बघत राहायचे. इतर घरांना बोट लावत नसत. मी विचारलं तर म्हणाले, "दुसऱ्याच्या घरातला दिवा आपण लावतो का गं?" मला वाटलं, असेल त्यांचा खेळ. मन रमतंय ना, झालं तर मग.

मग एक दिवस जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या मावशींचा मला फोन आला. "अगं, मी रोज दिवा लावते तुझ्या त्या पानावर. पण तुमच्याकडे सदा काळोख. बाबा रागावलेत का आमच्यावर?"

बाबांनी मला न विचारता ती लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाकली होती. कोणी ठाण्याला, कोणी घाटकोपरला, कोणी वाकोल्याला गेलेलं. जो तो संध्याकाळी आपलं घर उजळत होता आणि बाकीची इमारत अंधारी बघून मनात कुढत होता.

मी बाबांना समोर बसवलं. "बाबा, हे पान प्रत्येकाच्या फोनवर वेगळं उघडतं. तुम्ही दिवा लावता तो फक्त तुमच्याच पडद्यावर लागतो."

"म्हणजे मी लावलेला त्याला दिसत नाही?"

त्याला म्हणजे कोणाला, हे विचारायची गरज नव्हती. "नाही."

"आणि त्याने लावलेला मला?"

"तोही नाही दिसत."

बाबा भिंतीवरच्या कबुतरांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे त्याने लावला असेलही."

मी घाईघाईने म्हटलं, की हे दुरुस्त करता येतं. कोणाचा दिवा चालू, कोणाचा बंद, हे एका सामायिक जागी ठेवायचं, म्हणजे एकाने लावलेला दिवा सगळ्यांना दिसेल.

"नको," बाबा म्हणाले.

मला कळेना. मग कळलं. आत्ता काकांचा दिवा लागत असण्याची शक्यता होती. दुरुस्ती केली असती आणि तो अंधारातच राहिला असता, तर तीही गेली असती. मी लॅपटॉप मिटला. नंतरचे काही दिवस बाबा खुशीत होते. समोरच्या राखाडी चौकोनाकडे बघून गालात हसायचे, पोटभर जेवायचे. मी म्हटलं, राहू दे असंच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण शनिवारी चहा पिता पिता ते थांबले. "मला ठीक आहे गं. पण त्याला वाटत असेल, मीच लावत नाही." कप खाली ठेवला. "कर ते तुझं दुरुस्त."

मी केलं. रविवारी बाबांनी ग्रुपवर लिहिलं, 'सर्व सभासदांनी आज सायंकाळी दिवे लावावेत. ते आता सर्वांना दिसतील.' कमिटी सुटली तरी नोटिशीची भाषा सुटत नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं फोनवर वाकून बसलो. आधी मावशींचं घर उजळलं. मग वरचा निळा झीरो, मग कोपऱ्यातलं देवघर. कुठून कुठून बोटं येत होती आणि पाडलेली इमारत घराघराने जागी होत होती. बाबांनी आमची ट्यूब लावली, तिने डोळे मिचकवले. समोर मात्र अंधारच होता. चहावर साय धरली. बाबा म्हणाले, "त्याचा चष्मा सापडत नसेल." थोड्या वेळाने म्हणाले, "मुलुंडला नेट नसेल." मग खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघू लागले, आणि मला माझाच राग आला. कशाला केली ही दुरुस्ती?

तेवढ्यात समोरचा चौकोन पिवळा झाला.

बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. मला आनंद झाला, पण धाकधूकही होती. पानाला बोट कोणाचं हे कळत नाही. मावशींनी दया येऊन लावला असेल, कोणाच्या नातवाने खेळता खेळता लावला असेल.

चौकोन राखाडी झाला. बाबांचा चेहरा उतरला. पुन्हा पिवळा झाला. राखाडी. पिवळा. मग तो तसाच राहिला.

बाबा उठले आणि दाराशी चपला शोधू लागले. मी विचारलं, "बाबा, कुठे?" पण त्यांना ऐकूच गेलं नाही. एका पायात चप्पल चढवली आणि तसेच परत आले. "उत्तर द्यायचं राहिलं," असं म्हणून आमच्या ट्यूबला बोट लावलं, बंद-चालू, बंद-चालू.

"चल," दुसरी चप्पल घालत ते म्हणाले, "तो खाली उतरला असेल."