नमनातलं शेवटचं नाव

वर्ध्याच्या दंडारीत, म्हणजे आपल्याकडच्या लोकनाट्यात, पुनाजी सुरुवातीचं नमन म्हणायचा. पडदा नाही, माईक नाही. ढोलकीवर थाप पडली की हा उभा राहायचा आणि आधी गावाला हात जोडायचा. नुसतं 'वर्धा' म्हणून त्याचं भागत नसे. "आधी होती पालकवाडी, तिले जोहार," असं तो सुरू करी. मग वर देणारी वरदा, म्हणजे आपली नदी, जिच्यावरून गावाला वर्धा म्हणू लागले. मग गोऱ्या साहेबाच्या जिभेवरचं 'वर्डा'. तिथं तो नाक वर करी आणि लोक हसत. ज्या ज्या जिभेनं गावाला हाक मारली, त्या प्रत्येकीला त्याचा नमस्कार असे. आणि सगळ्यांत शेवटी, मंडळीला जेवू घालणाऱ्या घरच्या बाईचं नाव. जिचं मीठ खाल्लं, तिचं नाव घेतल्याशिवाय खेळ सुरू करायचा नाही, ही मंडळीची रीत.

उन्हाळ्यात पुनाजीला लकवा मारला. पाय हळूहळू सावरला, पण वाचा गेली. त्याची बायको गंगा रोज दुधात भाकर कुस्करून भरवी आणि विचारी, "मी कोन?" तो बघत राही. डोळे भरून येत, ओठांवर काही येत नसे. तिला दुसरं काही नको होतं. एकदा नाव घ्यावं, बस.

एका दुपारी ती भरवत असतानाच केळझरहून किसनराव आला, मंडळीचा जुना ढोलकीवाला.

"काऊन रे पुनाजी, बायकोचं नाव घ्याले या वयात लाजून राह्यला का?"

"थट्टा नका करू भाऊजी," गंगा म्हणाली. "लय कोशिश करतेत, पन निंगत नाई."

 किसनरावानं कोपऱ्यातला पिठाचा रिकामा डबा मांडीवर घेतला आणि नमनाची थाप धरली. पुनाजीची मान ताठ झाली. उजवा हात वर येईना. तो त्यानं डाव्यानं उचलून आणला आणि जोडला.

"पालकवाडीले... जोहार."

गंगाच्या हातातला चमचा तसाच राहिला. वरदा आली, वर्धा आली. 'वर्डा'ला नाक वर गेलं, तेव्हा किसनराव डबा वाजवता वाजवता हसला आणि रडलाही. मग थाप थांबली. इथं जेवू घालणारीचं नाव.

पुनाजीनं वाडग्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"गंगाबाईले... जोहार."

गंगानं पदर डोळ्यांना लावला.

"चाला," किसनराव म्हणाला, "आता खेळ सुरू कराले हरकत नाई."

"आधी जेवाले बसा भाऊजी," म्हणत गंगा उठली, त्याच्या मांडीवरचा डबा घेतला आणि शेजारी पीठ मागायला गेली.