शरबती कास्ट, ओव्हर

आमचे हे एकवीस वर्षं फौजेत घोड्यांवर होते. दफेदार म्हणून पेन्शनवर आले. त्यानंतर आमची पोस्टिंग आनेकलजवळ, घोड्यांची पैदास करणाऱ्या एका स्टड फार्मवर झाली. साधी नोकरीच होती, पण हे तिला पोस्टिंग म्हणत, म्हणून मीही म्हणते. ह्यांच्याकडे तबेला होता. माझ्याकडे दाणा, पाणी आणि रजिस्टर. रजिस्टर लिहायला ह्यांनीच शिकवलं. आधी वेळ, मग जनावराचं नाव, मग काय झालं. मनाचं काही लिहायचं नाही.

०५:०० ला पहिला राउंड. ०५:३० ला दाणा. मग खरारा. ०९:०० ला खूर तपासणी. गेट, तबेला आणि ट्रॅक, तिन्हीकडे वॉकी-टॉकी होते. सेटवर नाव किंवा हुद्दा घ्यायचा, अशी ह्यांची ऑर्डर होती. मला नवऱ्याचं नाव घेता येईना आणि हुद्दा घ्यायची लाज वाटे. मी "अहो, ओव्हर" म्हणायची. गेटवरचा मंजण्णा सेटवरच हसायचा.

"अक्का, हा 'अहो' कोण? नवीन भरती का?"

मालक प्रत्येक घोडी दरवर्षी भरवून घेई. पळणारं शिंगरू ठेवी. न पळणारं कुठं गेलं हे विचारलं की "वरातीला" एवढंच उत्तर. इतक्या वराती बेंगळुरूत निघत नाहीत. शरबतीला सात शिंगरं झाली होती, एकही वर्ष खाली गेलं नव्हतं. सातांतली दोन तबेल्यात होती.

मॅनेजर पुण्याचा, नवा. हे त्याला म्हणाले, "हिला एक वर्ष विश्रांती द्या. जितक्यांना म्हातारपण देता येईल, तितकीच जन्माला घाला."

"दफेदारसाहेब, हा स्टड आहे. वृद्धाश्रम नाही."

"मग पैदास कमी करा."

"तुम्ही लीद बघा. पैदाशीचं मी बघतो."

हे मालकापर्यंत गेले आणि एक नियम कबूल करून आले. फौजेत जनावर नोकरीतून कमी करतात, त्याला कास्ट करणं म्हणतात. आमच्या रजिस्टरमध्ये 'कास्ट' लिहिल्याशिवाय एकही जनावर गेटबाहेर जाणार नाही, असा तो नियम. दोन वर्षं ह्यांनी कुणाच्याही नावापुढं तो शब्द लिहू दिला नाही. मॅनेजर रोज रजिस्टर चाळायचा.

त्या दिवशी ०५:१० ला शरबती ठाणात उताणी पडलेली दिसली. लोळताना पाय भिंतीला अडकले होते. घोडं असं अडकून पडलं की त्यालाही कास्टच म्हणतात. शब्द एकच.

"अहो. शरबती कास्ट. ओव्हर."

"किती वेळ झाला? ओव्हर."

"माहीत नाही. अंग घामानं भिजलंय. ओव्हर."

"दोर काढ. पायांकडं जाऊ नको. आलो."

दोर घालून आम्ही तिला भिंतीपासून ओढून वळवलं. ०५:४० ला ती उठली, अंग झाडलं आणि सरळ पाण्याकडं गेली. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, '०५:१० शरबती कास्ट.' उठली ते लिहायचं राहिलं. दाण्याला उशीर झाला होता.

दुपारी हे यशवंतपूरच्या बाजारात हुलगे आणायला गेले. १४:२० ला ट्रक आला. आत गवताची काडी नव्हती, पाण्याची बादली नव्हती. उतरलेल्या माणसानं शरबतीचा एकही खूर उचलून पाहिला नाही. मागचा पुठ्ठा चापून पाहिला, बरगड्या पाहिल्या आणि मान हलवली.

मॅनेजरनं रजिस्टर माझ्यापुढं धरलं. "काकू, अक्षर तुमचंच ना?"

"ती पडली होती. उठली."

"तसं कुठं लिहिलंय? तुमच्या मिलिटरी रजिस्टरात चुका नसतात म्हणे."

घोडी त्याच्यासमोर चार पायांवर उभी होती. त्याला सगळं कळत होतं.

ह्यांना फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"गेट बंद कर. ट्रकपुढं उभी राहा. ही ऑर्डर आहे."

मंजण्णाच्या हातात गेटपास होता. तो खाली बघत म्हणाला, "अक्का, स्वल्प समजून घ्या. माझी नोकरी आहे." मी ट्रकपुढं जाऊन उभी राहिले. सगळे बघत होते. चालकानं हॉर्न दिला. मॅनेजर हसून म्हणाला, "काकू, फोटो काढू का?" मी पदर ओढला आणि बाजूला झाले. १४:५० ला ट्रक गेला.

१७:१० ला हे आले. रिकामं ठाण पाहिलं.

"त्यानं खूर पाहिले?"

"नाही."

"मग वरात नाही. चालवायला घोडं नेणारा आधी खूर बघतो."

ह्यांनी चौकीत तक्रार दिली. तीन दिवस मोटारसायकलवर हिंडले. तिसऱ्या दिवशी हद्दीपलीकडच्या एका शेडमागं तिची म्होरकी सापडली. बाकी काय सापडलं ते मी विचारलं नाही. ह्यांनी ती घरी आणून धुतली, तेल लावलं आणि खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी नोकरी सोडली.

आता भाड्याच्या जागेत आमच्याकडं सहा म्हाताऱ्या घोड्या आहेत. पैदास नको म्हणून घोडा ठेवलेला नाही. हे स्टडवाल्यांना भेटून तेच सांगतात, पैदास कमी करा. बहुतेक जण चहासुद्धा विचारत नाहीत. मला त्या लोकांशी बोलता येत नाही. त्यांच्याबद्दल माझ्या मनात जे आहे ते रजिस्टरच्या रीतीत बसत नाही. एवढंच लिहिते. घोडं न्यायला आलेल्या माणसाला आधी खूर उचलायला सांगा. तो पुठ्ठा चापू लागला, तर गेट उघडू नका.

नव्या रजिस्टरमध्ये मी 'कास्ट' लिहीत नाही. पहिलं पान शरबतीचं आहे.

०५:१० शरबती पडली.
०५:४० उठली. पाणी प्याली.
१४:५० नेली. मी बाजूला झाले.