बासीतलं पाणी

तुमची आई बाळंतपणासाठी माहेरी आली, त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीने काविळीची तयारी करून ठेवली होती. लग्नाची करतात तशीच म्हणा ना. रायपूर राजधानी झाल्यापासून कुठला तरी रस्ता कायम खणलेला असे आणि तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत नळाचे पाइप नालीतूनच गेलेले. फावडं लागून पाइप फुटला की नालीचं पाणी थेट घागरीत. आदल्या वर्षी दुसऱ्या एका मोहल्ल्यात घरोघरी कावीळ झाली होती. ती गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते, हे आम्ही तेव्हा ऐकलं. तुमचे आजोबा म्हणत, "राजधानी झाली न आता, मंग खड्डेबी राजधानीचेच राहतीन."

होळी झाल्याबरोबर मितानिनने आमच्या ओसरीवर बायकांची बैठक घेतली. मितानिन म्हणजे मैत्रीण. छत्तीसगढात वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्तीला हे गोड नाव आहे. आमची मितानिन मात्र आवाजाने फौजदार होती. क्लोरीनच्या गोळ्या कुणाकडे राहतील, ऑटो कुणाची सांगायची, सगळं तिने ठरवून घेतलं. अँब्युलन्स आमच्या गल्लीत वळत नाही, म्हणून पेशंटला खाटेवर मुख्य रस्त्यापर्यंत कसं न्यायचं याची तालीमही झाली. पेशंट झाल्या समोरच्या रेल्वेवाल्या काकू. पोरांनी खाट उचलली आणि काकू वरून ओरडल्या, "अवो, मी जिती हाव! पाय पुढं काहून करून राहिले रे?" खाट खाली ठेवून, फिरवून, पुन्हा डोकं पुढे करून न्यावी लागली. हसण्यात तालीम अर्धीच राहिली, पण कोपऱ्यावर खाट तिरकी करावी लागते एवढं सगळ्यांना कळलं.

मग मितानिन रोज एका दारावर उभी राहून विचारायची, "पिये के पानी उबालथव न?" म्हणजे, पिण्याचं पाणी उकळता ना? आतून उत्तर यायचं, "हव." हव म्हणजे हो. आणि ते खरंच होतं. मी स्वतः चार घरी जाऊन पातेल्यातली खळखळ उकळी पाहून आले होते. तुमचे आजोबा मला चिडवायचे, "मॅडम निघाल्या इन्स्पेक्शनले."

तुमच्या आईला सातवा लागला होता. तिच्यासाठी मी वेगळा माठ, वेगळं ओगराळं ठेवलं होतं. बाहेरच्या पाण्याचा थेंबही तिच्या पोटात जायचा नाही, असा माझा बंदोबस्त.

वैशाखात गल्लीत पहिली कावीळ निघाली. माणूस शहराबाहेर उरला नावाच्या भागातल्या कारखान्यात कामाला जाणारा, म्हणून सगळे म्हणाले, तिकडचंच पाणी बाधलं. आम्ही निश्चिंत. मग कोपऱ्यावरच्या आजीबाई आजारी पडल्या. त्या तर वर्षानुवर्षं उंबऱ्याबाहेर गेल्या नव्हत्या आणि त्यांची सून पाणी उकळण्यात पक्की. मितानिन त्यांच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसली. पाणी उकळतंय, मग कावीळ येते कुठून?

एका सकाळी तुमच्या आईला दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून हाक मारली, तर ती घरात नव्हती. शेजारी सापडली. शेजारच्या काकीच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून ती बासी खात होती. रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवायचं आणि सकाळी त्या आंबूस पाण्यासकट मीठ, कांदा, हिरवी मिरची घेऊन खायचं, ती बासी. इथला उन्हाळा लोक त्यावरच काढतात. आपल्या घरात उरलेला भात फोडणीला जातो, त्यामुळे लहानपणापासून तिला बासीची चटक लागली ती शेजारीच. आता तर डोहाळेच लागले होते.

मी विचारलं, "इसमें पानी कौन सा डाला?"

"नल के, अउ का," काकी म्हणाली.

"उबाला नहीं?"

काकीला माझा प्रश्नच कळेना. "पिये के पानी ला तो उबालथन दीदी. ए तो बासी आय!"

तुमची आई घास तोंडात घेऊनच म्हणाली, "आई, ये तो खाना है ना. पाणी थोडी आहे."

मितानिन विचारत होती पिण्याच्या पाण्याचं. लोक सांगत होते पिण्याच्या पाण्याचं. बासी कुणी पीत नव्हतं, खात होतं. तिच्यातलं कच्चं पाणी आमच्या इतक्या बंदोबस्तातून सरळ आत येत होतं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. ते ठीक होतं, पण त्या म्हणाल्या की ही कावीळ पोटात गेल्यावर काही आठवड्यांनी उघडी पडते. तोवर ताप, उलटी, गडद लघवी यांवर लक्ष ठेवा आणि पुन्हा तपासू. तोवर म्हणजे जवळजवळ बाळंतपणापर्यंत. आजोबा मला म्हणत, "काहून एवढी घाबरून राहिली? पोट्टी ठणठणीत हाये." आणि स्वतः तिला खिडकीशी बोलावत, "इकडे पाह्य बरं, डोळ्यात काही गेलं का तुह्या?"

"बाबा, फिर से?" ती डोळे मोठे करून दाखवायची.

मितानिनने दुसऱ्याच दिवशी प्रश्न बदलला. "आज के बासी म कोन पानी डारेव?" आज बासीत कोणतं पाणी घातलं? याला नुसतं 'हव' म्हणून सुटता येत नाही. म्हाताऱ्या कुरकुरल्या की उकळलेल्या पाण्याच्या बासीला चव नाही. मग गल्लीत निरनिराळे प्रयोग झाले. शेवटी जमलं ते असं: संध्याकाळच्या भाताबरोबरच बासीचंही पाणी उकळायचं, झाकून निववायचं आणि मग भातात घालायचं. आंबूसपणा तसाच येतो. रेल्वेवाल्या काकूंनी महापालिकेत तीनदा जाऊन भांडण केलं, तेव्हा फुटका पाइपही नालीतून वर निघाला.

काकी मात्र आमच्याकडे येईना. तिला वाटलं, मी तिच्यावर विष घातल्याचा आळ घेतला. मीच गेले. तिच्या पाटावर बसले आणि म्हणाले, "मुझे भी खिलाओ." आपल्या जन्मात मी शिळा भात पाण्यात बुडवून खाल्ला नव्हता. तिने वाटी पुढे केली, मी खाल्लं, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "दीदी, दवाई नोहय, जल्दी-जल्दी झन लीलव." औषध नाही ते, घाईघाईने गिळू नका. दुपारी ती पुन्हा आमच्या ओसरीवर येऊन बसली.

गल्लीत आणखी काही जण आजारी पडले, सगळे उठले. आजीबाईसुद्धा. तुमच्या आईची दुसरी तपासणी झाली त्या दिवशी आजोबा दवाखान्याबाहेर उन्हातच उभे राहिले, आत यायला तयार नाहीत. रिपोर्ट स्वच्छ होता. मी बाहेर येऊन मान डोलावली तर त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "मी तं म्हणूनच राहिलो होतो."

थोड्याच दिवसांत तुमच्यातली थोरली जन्माला आली. आणि तिसऱ्या दिवशी पिवळी पडली. माझा जीव पुन्हा टांगणीला. डॉक्टर हसल्या. नवजात बाळांना अशी कावीळ होतेच, तिचा पाण्याशी काही संबंध नाही, दोन दिवस उजेडाखाली ठेवू. तरी आजोबांना पटेना. त्यांनी नर्सला तेच पुन्हा पुन्हा विचारलं.

काकी बाळाला, तिच्या भाषेत नोनीला, बघायला आली, तेव्हा बाळ त्या निळ्या उजेडाच्या पेटीत डोळ्यांवर पट्टी बांधून, हातपाय पसरून निवांत झोपलं होतं. काकीने काचेला नाक लावून खूप वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून काळजीने म्हणाली, "दीदी, नोनी तो नीला दिखथे. पीला कहां हे?"

मी हसायला लागले ती थांबेचना. खाटेवरून तुमची आई ओरडली, "आई, हसवू नको, टाके दुखतात!" आणि तीही हसायला लागली.