कालचा भाव

तिच्याबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं, आणि आता त्याचाही मला संताप येतो. आदिलाबादच्या कापूस बाजाराजवळ आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. मालक मी, प्रोग्रामिंगचं सगळं काम तिचं. राग आला की ती बोलता बोलता चष्मा ओढणीला पुसत राहायची. आम्ही शेतकऱ्यांसाठी कापसाचे भाव सांगणारं अ‍ॅप बनवत होतो. हैदराबादेत रोज काहीतरी नवं निघायचं, आणि मी रोज तिला तसंच करायला सांगायचो.

“काका, तुमी दुकानाची पाटीच बदलून राह्यले. आत माल कवा भरू?”

एक दिवस दुसऱ्या कंपनीचं अ‍ॅप येतंय असं कळलं. मी आमचं अ‍ॅप लगेच लोकांसाठी सोडायला लावलं.

“आज नका सोडू काका. नेटवर्क गेलं की कालचाच भाव आजचा म्हणून दिसून राह्यला.”

“इतकं कोण पाहते, पोरी?”

दुसऱ्याच दिवशी भाव चढला, नेटवर्क गेलं आणि कितीतरी जणांनी कालच्या भावानं कापूस देऊन टाकला. ती एकटी बाजारातल्या कापसाच्या गाड्यांमधून ओरडत फिरली, “मोबाइल नका पाहू, कालचा भाव हाय, विकू नका.” मी मात्र संतापलेल्या लोकांना तिच्यासमोरच सांगितलं, “चूक या पोरीची. तिला काढलं मी.”

पुढे ती निर्मलच्या बसस्टँडवर दिसली.

“बरे हाय ना, काका?”

चूक माझी होती, एवढंच म्हणायचं होतं. मी विचारलं, “आदिलाबादची बस गेली का?”